क्लॅरिनेटच्या दहा रीड

प्रिय नवल,

पारोळ्याहून लीलाधरचा जय भीम. चौकीवरचा तुझा व्हिडिओ आपल्या सगळ्या बँडनं पाहिला. बर्फात शेगडीभोवती बसलेले फौजी, तुझं क्लॅरिनेट आणि शेजारी रॉकेलचा रिकामा डबा बडवणारा तो गढवाली. आणि वाजवत काय होतास, तर वरातीतली आपली धून! वनामामाच्या खळ्यात आपण दोघांनी बसवलेली. आपले मालक मोतीलालनाना म्हणाले, डबेवाल्याचा हात बघा काय गोड आहे. माझा नुसता जळफळाट झाला. त्या दिवशी मी धड जेवलोही नाही.

तू फौजेत गेल्यावर तुझ्या जागी नानांनी फैजपूरचा एक वादक आणलाय. नवरदेव घोड्यावर बसला की पहिली ओळ तुझी, दुसरी माझ्या ट्रम्पेटची, हे त्याला पटतच नाही. माझी ओळही तोच वाजवून टाकतो. इथे माझे असे हाल, आणि तू तिकडे डब्यावर खूश.

मग तुझा मेसेज आला, थंडीनं क्लॅरिनेटच्या तोंडातल्या पत्त्या, सगळ्या रीड तडकल्या, धुळ्याहून पाठव. मी कळवलं, दुकानात माल नाही. ते खोटं होतं. रीड मी त्याच आठवड्यात आणल्या आणि ट्रम्पेटच्या पेटीत दडवल्या. म्हटलं, बसू दे त्या गढवाल्याला एकट्याला डबा बडवत.

काल बाजारात तुझी आई भेटली. धुरपदामावशी म्हणाली, “तेनी पत्ती फुटी गयी म्हने, वाजाडनं बठ्ठं बंद शे.” तुझं वाजवणं सगळं बंद पडलंय, हे सांगताना तिचा चेहरा उतरला होता. खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं, मग लाज वाटली.

घरी येऊन व्हिडिओ पुन्हा लावला. माझी ओळ येते तिथे तू क्लॅरिनेट खाली घेतोस. गढवाली डब्याकडे हात नेतो, तू मान हलवून त्याला थांबवतोस. अख्खी ओळभर तिथे कुणी काही वाजवत नाही. मग तू पुढची ओळ उचलतोस. पहिल्या वेळी रागाच्या भरात मला हे दिसलंच नव्हतं.

सोबत दहा रीड आहेत. दोन महिने तुझं वाजवणं मी बंद पाडलं, हे सांगायलाच हे पत्र. हव्या तेवढ्या शिव्या दे. गढवाल्याला नमस्कार सांग, तो मला अजून आवडत नाही. आणि मी येईपर्यंत, नाहीतर तू येईपर्यंत, ती ओळ तशीच रिकामी ठेव.

तुझाच जोडीदार,
लीलाधर