कॉन्ट्रास्टचं बटण

आप्पा, मेंदूला दिसतं कसं यावर काल लेख लिहिला. संध्याकाळी पेपरचं पान लागायचं होतं, म्हणून तुमच्याबद्दलचं वगळून वेळेत दिला. वगळलेलं आज लिहिते आहे, कुठे पाठवायचं नाही म्हणून सावकाश.

बीडमध्ये केबल नुकतीच आली होती. लोक रंगीत टीव्ही घेत होते आणि तुमच्या दुकानात खेड्यांतले ब्लॅक अँड व्हाइट संच दुरुस्तीला येत होते. संच सुरू झाला की तुम्ही कॉन्ट्रास्टचं बटण हळूहळू उतरवायचात. बातम्या देणारीचा चेहरा फिका होत जायचा. "दिसतंय का गं?" हा आपला खेळ. एकदा मी गमतीने उजवा डोळा झाकला, तर बटण अर्ध्यावर असतानाच चेहरा नाहीसा झाला. तुम्ही बटण वर नेलंत, खाली आणलंत, पुन्हा विचारलंत. हसायचं थांबलात. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मला औरंगाबादला नेलंत. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा आळशी आहे; चांगला डोळा बांधून त्याला आत्ताच कामाला लावा, पुढे कठीण जाईल.

लेखात लिहिलं ते याचं कारण. डोक्याच्या मागच्या भागातल्या, पाहण्याचं काम करणाऱ्या पेशी नुसत्या उजेडाला फारशी दाद देत नाहीत. उजेड आणि काळोख शेजारी आले की जाग्या होतात. फरक वाढेल तशी त्यांची दाद वाढते आणि एका हद्दीला थांबते. लहानपणी ज्या डोळ्याकडून धड चित्र येत नाही, त्याचं फिकं चित्र त्या मनावर घेत नाहीत.

शाळा सुटली की तुम्ही माझ्या उजव्या डोळ्यावर रुमाल बांधता. त्याला तारा जोडायला डाग देताना वापरायच्या राळेचा वास आहे. नेकनूरचं गिऱ्हाईक दारातूनच ओरडतं, "आप्पा, पोरीला डाकू केलं का काय? अन् आमचा टीव्ही कवा देता? रविवारी पिच्चर हाय!"

"तुमच्याच टीव्हीवर पहारा हाय तिचा. शनवारी न्या."

"लई दिवस झाले की!"

"तिला दिसू द्या, मग तुमी बघा."

पुन्हा डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी माझ्या मागून हात घालून तुम्ही बटण पार शेवटपर्यंत उतरवलंत. चेहरा गेला. "दिसतंय का?"

"दिसतंय."

"खोटं बोलतीस," म्हणून हसलात.

लाजून तेव्हा सांगितलं नाही. चित्र गेल्यावर काचेत तुम्ही दिसत होतात, आप्पा. कानावर पेचकस, कपाळाला आठ्या. डाव्या डोळ्याने.