राजाला बोट लागली

१२ जानेवारी
आजपासून संकल्प. रत्नागिरीतल्या मुलांना बरोक संगीताची गोडी लावायची. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. इथे कुणी नावही ऐकलेलं नाही. (मीही निवृत्त झाल्यावरच ऐकलं, पण ते वेगळं.) हत्यारं दोन : हातबाहुल्या आणि मोठी चित्रं. गोष्ट अशी, राजाला झोप येत नाही, वादक व्हायोलिन वाजवतो, राजा झोपतो. दीपाली म्हणाली, मुलंही झोपतील. बायकोला कलेत काही गांभीर्यच नाही.

१५ जानेवारी
व्हायोलिनवाल्याचा विग नारळाच्या काथ्याचा केला. हुबेहूब. दीपालीने विचारलं, भांडी घासायला नेऊ का.

१७ जानेवारी
अडचण. दोन्ही हात बाहुल्यांत, मग चित्रं कोण बदलणार? शेजारचे मुसाभाई तयार झाले. बोटीवर तीस वर्षं काढलेला माणूस, संगीतातलं काही कळत नाही. हार्पसिकॉर्ड (पियानोचा पूर्वज) ऐकून म्हणाले, “कोण तांदूळ पाखडतोय काय?” त्यांना हार्पसिकॉर्डचा इतिहास सांगितला. मधेच उठून घरी गेले. भारावले असणार.

२० जानेवारी, सकाळी ११
हातखंब्याजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका ज्ञानेश्वरीबाईंचा फोन. मी तास मागितला होता, पंचवीस मिनिटं मिळाली. काटछाट केली. प्रास्ताविक वीस मिनिटं, खेळ पाच.
तालमी चालू आहेत. मुसाभाई हल्ली आपला मिन्युएट, खेळातली ती तीन मात्रांची नाचाची धून, शिळेवर वाजवत कपडे वाळत घालतात. थिल्लरपणा. बोलणार होतो, पण मग चित्रं कोण बदलेल?

२३ जानेवारी
आज इतिहास घडला. तपशील महत्त्वाचे नाहीत, तरी लिहून ठेवतो.
प्रास्ताविक चोवीस मिनिटं चाललं. काही मुलांनी तर डोळे मिटून ऐकलं. मग स्पीकर चालेना. रात्री चार्जला लावला होता, प्लगचं बटण दाबायचं राहिलं. उरलेलं प्रास्ताविक घ्यावं असं ठरवतोय, तोवर मुसाभाईंनी माझ्या हातातून बाहुल्या काढूनच घेतल्या. “पोरांनो, ह्या राजाला बोट लागलीय. आता हा ओकणार!”
माझ्या गोष्टीत ओकारी नाही.
पोरं ताडकन जागी. व्हायोलिनवाला शीळ घालायला लागला, राजाची बोट हलायला लागली आणि तिच्याबरोबर चाळीस मुलं डोलायला लागली. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. प्रास्ताविकातला सहावा मुद्दा नेमका हाच होता. तिथवर मी पोचलो नव्हतो.
राजा बरा झाला. मुलांनी त्याला पुन्हा आजारी पाडायला लावलं. मी परवानगी दिली. कुणी मागितली नव्हती.

२४ जानेवारी
ज्ञानेश्वरीबाईंचा फोन. देवरूखच्या शाळेलाही खेळ हवाय. मी म्हटलं, प्रास्ताविक अजून घोटतो. त्या म्हणाल्या, मुसाभाईंचा नंबर मिळेल का?
दिला.

२ फेब्रुवारी
मासळी बाजारात त्या शाळेतली एक मुलगी आईचा हात धरून उभी होती, गुणगुणत. आपला मिन्युएट! दोन सूर चुकत होते, पण तोच. वाकून विचारलं, हे कसलं गाणं, माहितीय?
“ओकणाऱ्या राजाचं.”
मी सांगितलं, बाळा, ह्याला बरोक म्हणतात.
तिने मला नीट निरखलं. “तुम्ही ते, आधी खूप वेळ बोलत होते, ते ना?”
हो म्हटलं. बांगडे घेतले आणि घरी आलो.