वगळलेले श्वास

प्रिय मौनीबाबा,

एका घरात राहून, मधे फक्त एक दार असताना नवऱ्याला पत्र लिहायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तू तोंड उघडत नाहीस, आणि मी बोलायला लागले की तो छोटा पांढरा फळा पुढे करतोस. त्यावरचं तुझं अक्षर इतकं आखीव असतं की भांडायचा उत्साहच जातो. काल जेवायला काय करू विचारलं, तर तू 'काहीही' लिहून खाली रेघ मारलीस. लग्न झाल्यापासून हेच उत्तर तू तोंडाने देत आलास आणि मी दर वेळी चिडत आले. काल चिडता आलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

गुरुवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढलं की गाठ जाईल, माणूस राहील, आवाज राहणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून सांगितलं, आणि तू अशी मान डोलावलीस की जणू कुणी कपाट सरकवायला परवानगी मागतंय. तोवर दिवसातून थोडं बोललं तर काही बिघडत नाही, उलट आवाज आत्ताच रेकॉर्ड करून ठेवा, पुढे यंत्राला तुमच्यासारखं बोलायला शिकवता येईल, असंही त्या म्हणाल्या. घरी येऊन तू फळ्यावर लिहिलंस, 'यंत्र बोलेल तो मी नव्हे.' विषय संपला. तुझा संपला. मी दुसऱ्या दिवशी तुला न सांगता आपल्या आवाजाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसले.

म्हटलं, आयुष्यभर आवाजावर गणितं करणारी माणसं आपण. याच्या आवाजाला काय तोटा? कुठलाही नवा प्रोग्रॅम लिहिला की पहिला बकरा तूच असायचास, कारण तू फुकट मिळायचास. आ, ई, ऊ, एक ते शंभर आकडे, हवामानाचे अंदाज, सगळं तुझ्याकडून वाचून घेतलेलं. फोल्डरच्या फोल्डर भरलेले आहेत.

फोल्डर उघडले आणि आपलं पहिलं भांडण आठवलं. मी तिथे नवीन होते आणि तू माझ्या स्क्रीनकडे बघून कपाळाला हात लावला होतास. तुझा नियम ठरलेला: एका कामाला एक फंक्शन, एका फंक्शनला एक फाइल, आणि जे फंक्शनचं नाव तेच फाइलचं. म्हणजे ज्याला जे लागेल त्याने त्याला खुशाल हाक मारावी. माझं सगळं उलटं. मी एकच फाइल उघडायचे, वर मुख्य फंक्शन, आणि त्याच्या मदतीला लागणारी बारकी बारकी फंक्शनं खाली तिथेच. बाहेरून फक्त वरचं दिसतं, खालची घरातल्या घरात राबतात. तू विचारलंस, उद्या यातलं एखादं दुसऱ्या कुणाला वापरायचं झालं तर? मी म्हटलं, माझी पोरं आहेत ती, गावभर उसनी द्यायला ठेवलेली नाहीत. तू हसलास. हसण्याआधी तू नाकाने एक छोटा श्वास घेतोस, तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

आणि एक गंमत तुला आठवतच असेल. आपण दोघांनीही 'श्वास' याच नावाचं फंक्शन लिहिलं होतं. तुझं वेगळ्या फाइलमध्ये, झाडू घेऊन तयार: श्वास, खोकला, आवंढा, मधलं 'अं', जे जे शब्द नाही ते सगळं कापून टाकणारं. माझं माझ्या फाइलमध्ये खाली दडलेलं, पंख्याची घरघर तेवढी काढून माणसाचा श्वास राहू देणारं. एका नावाची दोन असूनही कधी गडबड झाली नाही. प्रोग्रॅम आधी स्वतःच्या फाइलमध्ये शोधतो, तिथे नसेल तरच बाहेर जातो. माझ्या प्रोग्रॅमने हाक मारली की माझंच उठायचं.

यंदा तू आजारी पडलास आणि मी ती फाइल फोडली. तुला बरं वाटावं म्हणून, दुसरं काय. प्रत्येक फंक्शन उचललं, स्वतंत्र फाइलमध्ये ठेवलं, अगदी तुझ्या नियमाने. तुला दाखवलं तेव्हा तू माझ्या डोक्यावर हात ठेवलास, पोर वर्गात पहिली आल्यासारखा. पण 'श्वास'पाशी आले तेव्हा त्या नावाची फाइल आधीच हजर होती. मला वाटलं, हे आपण मघाशीच हलवलं, आणि खालचं पुसून टाकलं. तेव्हापासून माझा प्रोग्रॅम मुकाट्याने तुझ्या 'श्वास'ला हाक मारत होता. सॉफ्टवेअर असल्या वेळी हूं की चूं करत नाही. नावाचं कुणी सापडलं की त्याचं काम झालं.

मला हे कळलं ते लेकीमुळे. रविवारी ती आली, तुझ्याशी फळ्यावर गप्पा मारल्या, मग मी तिला गुपचूप प्रयोगशाळेत नेलं. तुझी सगळी जुनी रेकॉर्डिंग मी माझ्या त्या आवाज साफ करणाऱ्या प्रोग्रॅममधून काढून ठेवली होती. तिने हेडफोन लावला, थोडा वेळ ऐकलं आणि काढून ठेवला. म्हणाली, आई, हा बाबा नाही गं, हा स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणारा माणूस आहे. मी शोधाशोध केली, माझी चूक सापडली, आणि खरं सांगते, मला हसू आलं. एवढंच ना. जुन्या प्रतीतून माझं फंक्शन परत आणलं, होतं तिथे खाली बसवलं, सगळं पुन्हा चालवलं. लेकीच्या कानाला पुन्हा हेडफोन लावला. तिने मान हलवली. तोच घोषणावाला.

मग मी मूळ रेकॉर्डिंगच उघडून पाहिली. मूळ कसली? तू त्या त्या वेळीच सगळी तुझ्या फंक्शनमधून काढून, स्वच्छ करून, कच्ची पुसून टाकली होतीस. डिस्कवर जागा कमी होती ना तेव्हा. कित्येक वर्षांचा आवाज, आणि त्यात तू एकदाही दम खाल्लेला नाहीस. मी जे राखायला फंक्शन लिहिलं होतं, ते राखायला आता काही शिल्लकच नाही. घरातले व्हिडिओ पाहिले. त्यात लेक आहे, मी आहे, माझी बडबड आहे. तू कॅमेऱ्यामागे, हात हलू नये म्हणून श्वास रोखून उभा.

लेक म्हणाली, तू सांग ना त्याला, आत्ता नव्याने रेकॉर्ड करायला. मी म्हटलं, सांगून ऐकेल तर तो तुझा बाबा कसला. परत येताना मला फार एकटं वाटलं. तू घरात असताना मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

आता हे का लिहिलं ते सांगते. यंत्र नको, तर नको. गळा तुझा आहे, तुझ्या वतीने कोणी बोलावं की नाही हे तूच ठरवायचं, मी पुन्हा विचारणार नाही. पण मला श्वास-खोकल्यासकट तू हवा आहेस, आणि गुरुवारनंतर तसा तू कुठेच मिळणार नाहीस. टेबलावर रेकॉर्डर ठेवला आहे, चालूच आहे. मी बाहेर फिरायला जाते. इथवर मनात वाचलं असशील, तर पुन्हा वर जा आणि सगळं मोठ्याने वाच. घसा बसलेला आहे, असू दे. खोकला आला तर खोक, राग आला तर थांब, हसू आलं तर हस. मी त्यातलं काही कापणार नाही. म्हणून तर यात आपलं भांडण घातलं, लेकीचं बोलणं घातलं, तुझं 'काहीही'सुद्धा घातलं. एक गोष्ट मात्र त्या सगळ्या फोल्डरांत शोधून सापडली नाही. तू मला मारतोस ती हाक. ती कोण कशाला रेकॉर्ड करेल? ती खाली सहीच्या जागी लिहिली आहे. तेवढा एक शब्द वाचू नकोस, मी दुसऱ्या खोलीत आहे असं समजून म्हण.

तुझीच,
खारूताई