सिनेमात तुम्हाला मारलेली थोबाडीत

आबा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि मागच्या आठवड्यात मी तुम्हाला मार खाताना पाहिलं.

कोळवणला शूटिंगला आलेले ते विनोदी नट आठवतात ना? दिग्दर्शकही तेच होते. मी त्यांच्याच सिनेमांवर प्रबंध लिहितेय. बांधावर जमलेल्या गर्दीतून त्यांनी तुम्हाला बोलावलं होतं. त्यांच्या गाडीपुढे म्हैस आडवी घालायची, त्यांनी थोबाडीत दिली की चिखलात पडायचं, एवढंच काम. मी सात वर्षांची, बायकांच्या पुढे उकिडवी बसलेली. तुम्ही पडलात तसं सगळं गाव हसलं, मीही हसले. मग तुमच्या आधी घरी पळत जाऊन आईला नक्कल करून दाखवली. भाकरी थापता थापता आईला हसू आलं, आणि तेवढ्यात तुम्ही दारात उभे राहिलात.

तुम्ही आत आलात. चुलीतलं जळतं लाकूड ओढलंत आणि तिच्या हातावर घातलंत. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती परातीवर कोसळते, तरी तुम्ही थांबत नाही. पाठीत, मांडीवर, डोक्यात मारतच राहता. मी तुमच्या पायाला मिठी मारते, तुम्ही लाथ घालता, आणि माझं कपाळ जात्यावर फुटतं. आईचा तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.

त्या नटांचा मुलगा सूसला राहतो. सिनेमात न वापरलेलं शूटिंग त्याने जपून ठेवलंय. त्याने ते मला दाखवलं. मला एकच थोबाडीत आठवत होती. होत्या नऊ. तुम्ही पडतच नव्हता. दर वेळी टोपी नीट करून पुन्हा ताठ उभे राहत होता. "पडत का नाही हा? परत घ्या," असा त्यांचा आवाज येतो आणि मागे लोक हसतात. सहाव्या वेळी तुमचा ओठ फुटला. नवव्या वेळी त्यांनी कानशिलावर मारलं, तेव्हा तुम्ही पडलात. मुलगा कौतुकाने म्हणाला, "बाबा मनासारखं झाल्याशिवाय सोडायचे नाहीत."

दुसऱ्या दिवशी कोळवणला जाऊन मी हे आईला सांगितलं. ती डाव्या हाताने तांदूळ निवडत होती.

"नऊ? तू तर येकच दावली व्हतीस," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "नऊ खाऊ दे न्हाईतर नव्वद. मी कुटं मारलं व्हतं त्यास्नी?"

प्रबंधात त्या विनोदामागची मारहाण मी लिहिणार आहे, नऊच्या नऊ वेळा. मार खाणारा तो माणूस माझा बाप होता, हे लिहीन की नाही, माहीत नाही.

एक गोष्ट मात्र आईलाही सांगितलेली नाही. तुमचा ओठ फुटला तिथे त्या मुलाने चित्र थांबवलं आणि विचारलं, बंद करू का? मी म्हटलं, नको, मागे घ्या. तेवढाच तुकडा मी तीनदा पाहिला. आबा, मला बरं वाटत होतं.