पाण्याची पिल्लं

४ मे
पोचले एकदाची! बोटीत तीनदा ओकले, तरी धक्क्यावर हसतच उतरले, कारण मला बघायला अर्धं बेट लोटलं होतं. इथल्या खेकड्यांच्या कारखान्याला चार वर्षांनी प्रथमोपचाराची बाई मिळालीय, म्हणजे मी, मायरा पार्डी. मुक्काम एफी कीपिंग या विधवेकडे. तिनं गेल्या गेल्या तळलेल्या पिठाच्या जाड पोळ्या काकवी ओतून पुढ्यात ठेवल्या आणि शहरात तुला कोणी खायला घालत नव्हतं का गं, असं विचारलं. आजारी माणसासाठी शहरातून हेलिकॉप्टर मागवायचं तर फोनवर फक्त माझाच शब्द चालतो. केवढा हा रुबाब!

७ मे
इथे ज्याच्या त्याच्या मनगटावर फोड. रबरी कोटाची ओली बाही घासून घासून कातडी सोलवटते, खारं पाणी आत मुरतं, फोड भरतो. पण फोड म्हणायचं नाही. पाण्याची पिल्लं म्हणायचं! उपाय म्हणून मनगटात पितळी साखळी. मुकादम लिअँडरची तीन पिल्लं आहेत आणि त्यांना नावंही आहेत. ज्याला पिल्लू नाही तो पाहुणा, असं त्यानं मला ऐकवलं.

आज सेप्सिसचा वर्ग घेतला. जखमेतला संसर्ग अंगभर उसळला की काय होतं ते सांगून कार्ड वाटली: हुडहुडी भरून ताप, धाप, छातीत धडधड, बरळणं, लघवी कमी, कातडीवर निळसर डाग. लिअँडर म्हणाला, अगं पोरी, धाप, धडधड, बडबड, ही तर माझ्या लग्नाच्या दिवसाची लक्षणं! सगळे खदखदले. मीही हसले. फोड म्हटलं तर माणूस निदान घाबरतो, पिल्लाला कोण घाबरणार?

१३ मे
लिअँडर गेला.
सोमवारी त्याला हुडहुडी भरली. बर्फखोलीतून आलाय, म्हणाले. काल तो बरळायला लागला तेव्हा लोक पोट धरधरून हसले, कारण तो नेहमीच काहीबाही बोलायचा. मला बोलावलं तेव्हा गुडघे जांभळे पडले होते. हेलिकॉप्टर धुक्यामुळे सहा तास आलं नाही. त्याची बायको मला म्हणाली, तू सांगितलं होतंस गं. त्यापेक्षा तिनं मला शिव्या द्यायच्या होत्या.

१८ मे
आता कोणी हसत नाही. एफीनं कार्ड चहाच्या डब्यावर चिकटवलंय आणि लक्षणं घडाघडा म्हणते. परवा कारखान्यातल्या सेल्बीला ताप भरला तेव्हा मी क्षणभरही थांबले नाही, फोन केला. निघाला साधा फ्लू. शहरातल्या साहेबानं मला झाडलं, बाई, प्रत्येक शिंकेला हेलिकॉप्टर धाडायचं का? मला फार लागलं ते.
माणसं कमी पडतात म्हणून दुपारी मीही खेकडे फोडायला उभी राहते. कोट लिअँडरचाच मिळाला. बाह्या ढगळ आहेत.

२१ मे
मला पहिलं पिल्लू! धुतलं, पट्टी बांधली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सेल्बीनं माझ्या मनगटात साखळी घातली. शरम वाटायला हवी होती. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

२३ मे
हुडहुडी. बर्फखोलीत फार वेळ होते, दुसरं काय. साखळी रुततेय, हात सुजलाय वाटतं. उद्या बघू. त्या साहेबाला पुन्हा फोन करायचा आणि तोही स्वतःसाठी, म्हणजे —
नको. चहा घेते.

२४ मे, सकाळ
एफी कार्ड घेऊन आली. छातीवर हात ठेवून माझे श्वास मोजले. अठ्ठावीस. कालपासून लघवीला गेलीस का, विचारलं. चादर वर करून माझे गुडघे बघितले. एकही लक्षण सोडलं नाही. किती छान शिकलीय!
रडत होती. मायरा, माझे बाई, लावते मी फोन. तिनं लावलाही. तिकडून म्हणाले, प्रथमोपचाराच्या बाईला द्या.
मी बोलले. अगदी नीट बोलले. म्हटलं, काही नाही हो, एक पिल्लू झालंय फक्त.
त्यांनी ठेवला.

२४ — दुपार?
लख्ख ऊन. धुकं नाही. तरी खिडकीत लिअँडर — नाही, तो कोट आहे.
एफीनं पुन्हा फोन लावलाय. सेल्बीही आलाय. दोघं ओरडतायत. साहेब माझंच — माझाच शब्द —
आता कळतंय मला. खरंच कळतंय. सहाच्या सहा. मला जायचं नाही इतक्यात. आई —

एफी फोन कानाशी धरते. सांग, सांग गं. जीभ वळत नाही. शब्द सापडत नाही. मोठं असतं, वर पंखा फिरतो, माणसाला उचलून —
लिहून दाखवते तिला. ती वाचेल त्यांना. पाठवा म्हणावं लवकर ते — ते —

हे