मेंढीचं आसन

देवेश,

इराला घेऊन हॉस्पिटलमध्ये चालले आहे. तिच्या कोपरावरचा जो काळा फोड तू हळद लावून बरा करणार होतास, तो जनावरांकडून येणाऱ्या अँथ्रॅक्सचा असावा असं डॉक्टर फोनवर म्हणाले. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो.

पोरगी तुझ्या ध्यानाच्या मेंढीच्या कातड्यावर लोळून अभ्यास करते. कापलेल्या मेंढीचं कातडं तुला पाप वाटलं, म्हणून बेट्टदपुरला जाऊन तू आपोआप मेलेली मेंढी शोधलीस. चरता चरता पडली, नाकातून रक्त आलं, हे तूच मला कौतुकाने सांगितलंस. एवढा शिकलेला माणूस, आणि तुला त्यात अहिंसा दिसली!

तुझी अहिंसा ध्यानाच्या खोलीत कुलूपबंद आहे. जनावरांच्या दवाखान्याचे लोक येऊन कातडं नेतील. त्यांना प्रवचन देऊ नकोस, या चिठ्ठीसोबत ठेवलेली किल्ली दे आणि लांब उभा राहा.

मग तूही हॉस्पिटलमध्ये ये. इराजवळ बसायला नको, मी आहे. घोट्यावरचा जो काळा डाग साधनेची खूण म्हणून आपल्या बोगादी वस्तीभर दाखवत फिरतोस, तो तिथे डॉक्टरांना दाखव.

विभावरी