देवासच्या घराची तारीख

ता. ४ फेब्रुवारी १९०९, धार
मालोजीचं पत्र आलं. देवासला आमच्या घरासमोर राहतो तो. लिहितो — कोर्टाच्या शिपायाने तुमच्या दारावर कागद डकवला आहे, उमाशंकर शेटने एकतर्फी हुकूमनामा मिळवला, महिनाअखेर कब्जा घेणार.
दोनदा वाचलं. एकतर्फी! दावा कधी लागला, हेच मला ठाऊक नाही!
पोरीच्या, कमळच्या लग्नासाठी शेटकडे घर गहाण टाकलं, खरं. मुदत टळली, तेही खरं. पण एक नोटीस तरी?

ता. ५
घर गेलं तर आक्का कुठे जाईल? विधवा होऊन माघारी आली तेव्हापासून बावीस वर्षं ती तिथे आहे. तिने दिवा लावला म्हणून त्या घरात दिवा लागला. भाऊबंद म्हणतील, बापूने थोरल्या बहिणीचं छप्पर घालवून पोरीचे हात पिवळे केले. आणि ते खोटं नाही, हेच जास्त झोंबतं.

ता. ८
रजेचा अर्ज परत! वरिष्ठांचा मांडूचा दौरा आहे म्हणे — दप्तर सोडून कोणी हलायचं नाही. ते तलावाकाठी हवा खाणार, आम्ही इथे कागदांचे रुमाल बांधणार.

ता. ११
नाक घासलं तेव्हा पाच दिवस मिळाले, जाण्यायेण्यासकट. जयसिंगरावांना तार केली. शाळेतला सोबती, आता देवासला वकील.

ता. १४, देवास
महूपर्यंत बैलांची दमणी, इंदूरपर्यंत रेल्वे, पुढे टांगा. हाडं खिळखिळी झाली. आक्का दारात. "हातपाय धू, बापू. जेवून घे." एवढंच! घर बुडतंय म्हणून मी धावत आलो, आणि ही शांतपणे भाकरी थापते आहे.
संध्याकाळी जयसिंगरावांकडे. म्हणाले, "नोटीस पोचली होती?" मी म्हटलं, "छे! पोचली असती तर आक्काने कळवलं नसतं?" "मग तेवढीच फट आहे. नोटीस नाही, म्हणून हुकूमनामा रद्द करा." जीव भांड्यात पडला.

ता. १५
गाढव मी! आणि जयसिंगराव माझ्याहून मोठा गाढव!
एवढंसं देवास, पण राज्यं दोन. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. घर आमचं धाकटीत, वकील आमचा थोरलीच्या सनदेचा. परसदार थोरलीत उघडतं, लहानपणी आम्ही तिथूनच ये-जा करायचो. जयसिंगराव त्यावरून घर थोरलीतलंच धरून चालला, आणि मी वीस वर्षं धारला राहून विसरलो. धाकटीच्या कोर्टात तो उभा राहिला. न्यायाधीश म्हणाले, "रावसाहेब, रस्त्याच्या पलीकडे जा." सगळं कोर्ट हसलं. तारीख गुरुवारवर गेली.
पायरीवर उमाशंकर शेट. गोड बोलला, आपला काही दोष नाही म्हणे. "म्हारो कंई दोस, भिया? जो लिख्यो हे, वो लिख्यो हे." दात पाडावेसे वाटले.

ता. १६
धाकटीचे वकील गणपतराव. म्हातारे, मोजकं बोलणारे. कागद वाचले, मग म्हणाले, "घरात असतात त्या बाईंना विचारलंत?"
मी म्हटलं, "त्यांना कोर्टाचं काय कळतं? बावीस वर्षांत आक्काने उंबरठा ओलांडलेला नाही. आमच्यात पद्धत नाही."
चष्म्यावरून बघत म्हणाले, "नोटीस पोचली नाही, असं बेलभंडारा उचलून सांगाल?"
"सांगेन!"

ता. १७
रजा संपली. धारला तार केली — प्रकृती अस्वस्थ. खोटं आहे हे तिथल्या पट्टेवाल्यालाही कळेल. नोकरी जाते बहुधा. इथून हलावं तर घर गेलं, थांबावं तर पोट गेलं. शेट घर मागतो, दप्तर मला मागतं, वकील शपथ मागतो. आणि आक्का आज देवाची भांडी घासताना चक्क गुणगुणत होती! फार राग आला.

ता. १८
बेलभंडारा उचलला. देवाशपथ सांगितलं, नोटीस पोचली नाही.
शेटच्या वकिलाने दप्तरातून पावती काढली. कार्तिकातली. खाली आक्काचा अंगठा. वर शिपायाचा शेरा — "वाचून दाखवली, समजली." गणपतरावांनी कागद मिटले. माझ्याकडे बघितलंही नाही.
घरी येऊन ओरडलो. बहिणीवर असा कधी ओरडलो नव्हतो. कळवलं का नाहीस!
तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. म्हणाली, "कळवलं असतं तर तू घर वाचवलं असतंस, बापू. आणि मला मरेपर्यंत इथेच बसवलं असतंस."